स्लॅशची गिटार, आपला ईएमआय

तुमच्या ऑफिसात असा एक तरी असतोच. सोमवार ते शुक्रवार गळ्यात आयडी कार्ड आणि शुक्रवारी रात्री त्याच गळ्यात गिटारचा पट्टा. त्याला एकदा कँटीनमध्ये गाठा आणि साधा प्रश्न विचारा, 'बाबा रे, हीच गिटार का घेतलीस?' तो आधी तुम्हाला 'टोन' सांगेल. मग 'सस्टेन'. मग मॅहोगनी नावाच्या लाकडावर पाच मिनिटं लेक्चर. चहा संपेपर्यंत धीर धरा. शेवटच्या घोटाला खरं उत्तर बाहेर येतं, 'ॲक्चुअली... स्लॅशकडे हीच आहे ना!'

स्लॅशच्या जागी हेंड्रिक्स घाला, गिलमोर घाला, कोबेन घाला, जॉन मेयर घाला. उत्तर तेच. गेले दोन महिने मी पुण्या-मुंबईत भेटेल त्या गिटारवाल्याला हा प्रश्न विचारत फिरतेय. कोडिंगवाले, बँकवाले, एक डेंटिस्ट, एक सीए. 'मी दुकानात दहा गिटार्स वाजवल्या आणि कानाला आवडली ती घेतली' असं सांगणारा मला एकच भेटला आणि तोसुद्धा मागाहून म्हणाला, 'म्हणजे त्या दहाही स्ट्रॅटच होत्या.'

यात हसण्यासारखं काही नाही हं. आपल्या आधीच्या पिढीतल्या प्रत्येक गल्लीत एक बॅट अशी असायची, जिच्यावर एमआरएफचा स्टिकर चिकटवलेला असायचा. त्या स्टिकरने कुणाचा स्ट्रेट ड्राइव्ह सुधारला नाही, पण क्रीझवर उभं राहायची स्टाइल नक्की बदलली. फरक एवढाच की स्टिकर काही रुपयांत यायचा. गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड म्हणजे आज दोन लाखांच्या पुढची गोष्ट आहे.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या गिटारसाठी आपण एवढा जीव टाकतो, ती त्या हिरोच्या हातात नक्की कशी आली, हे शोधायला गेलं की भलतेच किस्से हाती लागतात.

चष्मेवाल्याची लाल गिटार

साल 1959, लंडन. क्लिफ रिचर्ड नावाचा कोवळा गायक आणि त्याच्या मागे गिटार वाजवणारा चष्मेवाला हँक मार्विन. दोघांनाही अमेरिकेतल्या रिकी नेल्सनच्या रेकॉर्ड्सचं वेड. त्या रेकॉर्ड्सवर गिटार वाजवायचा जेम्स बर्टन. बर्टनकडे फेंडर कंपनीची गिटार आहे, एवढंच या पोरांना ठाऊक. कुठली, ते माहीत नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये अमेरिकन गिटार्स दुकानात दिसायच्याच नाहीत. मग फेंडरचा कॅटलॉग मागवला गेला. एवढं जबरी वाजवणारा माणूस म्हणजे त्याच्याकडे कॅटलॉगातली झकास, महागातली गिटार असणार, असा यांचा सरळ हिशेब! बोट ठेवलं गेलं लाल स्ट्रॅटोकास्टरवर. सोनेरी पार्ट्स, दोन शिंगं, एकदम स्पोर्ट्स कारसारखी. क्लिफने ती अमेरिकेतून मागवली आणि हँकच्या हातात दिली. ब्रिटनमध्ये आलेली ती पहिली स्ट्रॅट मानली जाते.

बर्टन वाजवत होता टेलिकास्टर. फळकुटासारखी सपाट, फेंडरची त्याहून साधी आणि स्वस्त गिटार.

पण बाण सुटला होता. 1960 मध्ये हँकच्या 'द शॅडोज' या ग्रुपची 'अपाची' ही धून ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली आणि ब्रिटनमधल्या पोरांच्या एका अख्ख्या पिढीला लाल स्ट्रॅटची स्वप्नं पडायला लागली. न्यूकॅसलमधल्या एका मुलालाही. त्याच्या वडिलांना फेंडर परवडणारी नव्हती, त्यांनी पन्नास पौंडांची एक हॉफनर घेऊन दिली. स्ट्रॅट नाही तर नाही, पण रंग लालच हवा हा पोराचा हट्ट. पोराचं नाव मार्क नॉफ्लर. मोठेपणी त्याने खरी लाल स्ट्रॅट घेतली आणि 1978 मध्ये 'डायर स्ट्रेट्स'चं 'सल्तन्स ऑफ स्विंग' आलं.

इथे माझा संबंध येतो. माझ्या बाबांकडे 'ब्रदर्स इन आर्म्स'ची कॅसेट होती. बाबा बँकेत, तेव्हा आम्ही ठाण्यात. दर रविवारी दाढी करताना ती कॅसेट लागायची. मार्च 2005 मध्ये नॉफ्लर मुंबईत वाजवून गेला तेव्हा बाबा ऑफिसमधून थेट तिकडे गेले होते. मी शाळेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला पहिली गोष्ट सांगितली ती गाण्याची नव्हती. ते म्हणाले, 'अगं, लाल गिटार!'

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार कुठल्या रंगाची असेल, ओळखा. पाच वर्षांपूर्वी पहिल्या बऱ्यापैकी चेकमधून घेतलेली ती लाल स्क्वायर स्ट्रॅट (स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड, 1982 मध्ये जपानमध्ये सुरू झालेला) आजही माझ्या खोलीत आहे. हिशेब लावून बघा. लंडनमधल्या दोन पोरांचा कॅटलॉग वाचताना घोळ झाला, म्हणून माझ्या खोलीतली गिटार लाल!

कॉपीची कॉपी

आता तो कँटीनमधला. तो खरंच माझा मित्र आहे. कॉलेजमध्ये आम्ही एकाच बँडमध्ये होतो, आता तो हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दहावीच्या सुट्टीत त्याने स्लॅशला यूट्यूबवर पाहिलं. टोपी, कुरळे केस, गुडघ्यापर्यंत लोंबणारी, मधासारख्या रंगाची लेस पॉल. झालं! नोकरी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याने अठरा महिन्यांच्या ईएमआयवर तशीच लेस पॉल घेतली. बाईक घ्यायची होती, ती राहिली. गोव्याची ट्रिप राहिली. घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत एका शून्याचा फरक होता, असं त्याची बायको आजही सगळ्यांना सांगते.

त्याला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते तुम्हाला सांगते. 'गन्स अँड रोझेस'च्या 1987च्या 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'वर स्लॅशने वाजवलेली ती मधाळ गिटार गिब्सनची नव्हतीच! कॅलिफोर्नियातल्या क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने बनवलेली ती 1959च्या लेस पॉलची नक्कल होती. बँडच्या मॅनेजरने ती स्लॅशला आणून दिली. ऐंशीच्या दशकात सगळीकडे टोकदार, भडक रंगांच्या गिटार्सची चलती होती, लेस पॉल म्हणजे काकालोकांचं वाद्य झालं होतं. स्लॅश आला आणि लेस पॉल पुन्हा कूल झाली. गिब्सनचे दिवस पालटायला एका नकलेचा हात लागला. मग 2010 मध्ये गिब्सनने त्या नकलेवरून बेतलेली 'ॲपेटाइट' लेस पॉल बाजारात आणली. म्हणजे आपल्याच गिटारच्या कॉपीची कॉपी. डेरिगला हे काही बघायला मिळालं नाही. तो अल्बम आला त्याच वर्षी गेला.

लेस पॉलच्या नशिबात हे आधीही एकदा घडून गेलंय. 1952 मध्ये आलेलं हे मॉडेल खपेना, म्हणून 1961 मध्ये गिब्सनने त्याचा आकारच बदलून टाकला. (तो नवा, पातळ, दोन शिंगांचा आकार म्हणजे पुढची 'एसजी'.) आणि तिकडे लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन नावाचा तरुण फ्रेडी किंग या ब्लूजवाल्याच्या एका रेकॉर्डचं कव्हर बघत बसला होता. कव्हरवर किंगच्या हातात सोनेरी लेस पॉल. क्लॅप्टनने शोधून एक जुनी लेस पॉल घेतली, ती मार्शल अँपला लावून अँप जवळजवळ पूर्ण मोठा केला आणि 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'बरोबर असा काही अल्बम केला की लंडनमधल्या पोरांना दुसरं काही सुचेना. बंद पडलेल्या मॉडेलच्या सेकंडहँड किमती चढायला लागल्या. शेवटी 1968 मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा सुरू केली. मार्केटिंग डिपार्टमेंटला जे जमलं नाही, ते एका कव्हरवरच्या फोटोने आणि एका अल्बमने केलं. क्लॅप्टनची ती गिटार त्याच वर्षी, 1966 मध्येच, चोरीला गेली. आजपर्यंत सापडलेली नाही.

जिमी पेजचं तर विचारूच नका. लेस पॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्लॅशच्या आधी पेज येतो. पण 'लेड झेपेलिन'चा पहिला अल्बम त्याने मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवलाय, जेफ बेकने दिलेल्या. 'स्टेअरवे टू हेवन'चा जगप्रसिद्ध सोलोसुद्धा टेलिकास्टरच. आणि हा पेज 1972 मध्ये रॉबर्ट प्लांटबरोबर आपल्या मुंबईत आला होता बरं का! इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली आणि एका रात्री कुलाब्यातल्या एका डिस्कोथेकमध्ये जाऊन वाजवलं. त्या जागेचं नाव होतं 'स्लिप डिस्क'. माझ्या मित्राला हे नाव ऐकवलं तेव्हा तो कसनुसं हसला. का, ते पुढे येईल.

फोटो बोलतो

हे सगळं पसरतं कसं? फोटोने. सिनेमाने. 1964 मध्ये बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' लागला. जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर. अमेरिकेत रॉजर मॅग्विन हा सिनेमा बघून आला आणि आपली जुनी वाद्यं देऊन रिकनबॅकर घेऊन मोकळा झाला. 'द बर्ड्स'चा तो घंटांसारखा किणकिणणारा आवाज तिथून आला आणि तो ऐकून पुढे टॉम पेटीने तीच कंपनी पकडली. एक तिकीट, दोन बँड!

गिब्सनने 1958 मध्ये बाणाच्या आकाराची 'फ्लाइंग व्ही' काढली तेव्हा पहिल्या दोन वर्षांत शंभरसुद्धा बाहेर पडल्या नाहीत. डावखुऱ्या अल्बर्ट किंगने ती उलटी धरून ब्लूज वाजवला, हेंड्रिक्सने घेतली, मग मेटलवाले तुटून पडले. आज कुठल्याही कॉलेज फेस्टमध्ये जा, मेटल बँडमध्ये एक तरी व्ही असणारच. खाली बसून वाजवताना ती मांडीवर राहत नाही, घसरते. चालतंय! हेटफिल्ड कुठे बसून वाजवतो?

कर्ट कोबेनची केस मला सगळ्यात आवडते. फेंडरने जॅग्वार नावाची गिटार 1975 मध्ये बंद केली होती. कुणाला नको होती म्हणून ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळायची आणि खिशात पैसे नसलेले पंक-ग्रंजवाले ती घ्यायचे. कोबेननेही 1965ची वापरलेली जॅग्वार घेतली. म्हणजे इथे हिरोची चॉइस नव्हती, बजेट होतं. 'नेव्हरमाइंड' 1991 मध्ये आला आणि ती बजेटची गिटार स्टाइल स्टेटमेंट बनली. 2011 मध्ये फेंडरने कोबेन जॅग्वार आणली. नवी कोरी, पण फॅक्टरीतूनच घासून, पोपडे काढून, जुनी दिसेल अशी केलेली. आणि स्वस्त? छे! त्याची 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या व्हिडिओतली मस्टँग 2022 मध्ये पंचेचाळीस लाख डॉलर्सना गेली. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट 2019 मध्ये जवळजवळ चाळीस लाख डॉलर्सना गेली होती. गिलमोरने त्या लिलावातले सगळे पैसे पर्यावरणासाठी देऊन टाकले, हे मात्र मला जाम आवडलं.

कंपन्यांना हा फंडा केव्हाच कळलाय. फेंडरने 1988 मध्ये क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅट काढली, तिथून सिग्नेचर मॉडेल्सची जी रांग लागली ती थांबलेली नाही. जॉन मेयरने फेंडर सोडून 2018 मध्ये पीआरएसबरोबर 'सिल्व्हर स्काय' आणली, तेव्हा लोकांनी तिची 'ही तर स्ट्रॅटच!' म्हणून यथेच्छ टिंगल केली. 2022 मध्ये तिचं स्वस्तातलं मॉडेल आलं. आता टिंगल करणाऱ्यांतल्या दोघांकडे ती आहे. दोघांनाही मी ओळखते.

आपल्याकडे हे सगळं यायला वेळ लागला, पण आलं ते थेट कॅसेटच्या इनले कार्डवरून. माझा मामेभाऊ नव्वदच्या दशकात दादरला राहायचा. दादा सांगतो की तेव्हा बोटाएवढ्या फोटोत भिंग लावून ते गिटारच्या टोकावरचं नाव वाचायचे. गिब्सन वाचता आलं तरी करणार काय? दुकानात मिळायची कोलकात्याची 'गिव्हसन'. हो, गिव्हसन. विनोद नाही, खरी भारतीय कंपनी. दादाने ती घेतली आणि 'व्ह'च्या जागी ब्लेडने खरवडून 'ब' केला! मग ती बॅगेत घालून धोबी तलावला. तिथे जेर महालमधलं 'फुर्टाडोज' (1865 पासूनचं दुकान) फक्त बघायला, आणि तिथून चालत रंगभवनला 'आय-रॉक' ऐकायला. काचेमागची खरी स्ट्रॅट आधी बघायची आणि मग स्टेजवर कुणाच्या हातात ती दिसते का ते शोधायचं. वॉरन मेंडोन्सासारखा आपला गिटारिस्ट तर आपल्या प्रोजेक्टचं नावच 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' ठेवतो. वाद्याचं नाव हेच बँडचं नाव. याहून वेगळा पुरावा काय हवा?

खांद्याला काय वाटतं?

इथपर्यंत सगळं मस्त. पण फोटोत वजन दिसत नाही.

लेस पॉल साधारण चार ते साडेचार किलोची असते. स्ट्रॅट साडेतीनच्या आसपास, एसजी त्याहून हलकी. चणीने लहान असलेला 'एसी/डीसी'चा अँगस यंग आयुष्यभर एसजी घेऊन स्टेजभर धावतो ते उगाच नाही. माझा मित्र दिवसाचे दहा तास लॅपटॉपपुढे वाकून बसणार, मग शनिवारी तीन तास गळ्यात साडेचार किलो, तीसुद्धा स्लॅशसारखी गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या वर्षी मान आणि डावा खांदा गेला. एमआरआय, फिजिओथेरपी, गळपट्टा. डॉक्टर त्याला म्हणाले, 'वाजवा की, पण बसून वाजवा.' बसून वाजवणारा स्लॅश! त्याने गिटार केसमध्ये ठेवली ती आठ महिने काढलीच नाही. ईएमआय चालूच होते. मी एकदा घरी गेले होते तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, 'तू तरी बोल त्याच्याशी. गिटार गेली तर जाऊ दे गं, पण हा वाजवायचाच थांबलाय.'

ही त्या आठ महिन्यांतली खरी गोची. गिटार विकायला त्याची ना नव्हती. पण त्याच्या डोक्यात वाजवणं आणि ती गिटार हे एकच होऊन बसलं होतं.

मी फार काही शहाणपणा केला नाही. माझी लाल स्क्वायर त्याच्याकडे ठेवून आले. 'माझ्याकडे पेंटिंग चाललंय, धूळ बसते' असं सांगून. पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला, 'हिच्यात गुंईं आवाज का येतो?'

येणारच. स्ट्रॅटच्या तारांखाली जे पिकअप असतात, ते म्हणजे चुंबकावर गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. ते तारेची थरथर पकडतं, तशी घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही पकडतं. त्यात आपल्या इमारतींमधलं अर्थिंग म्हणजे आनंदीआनंद. इन्व्हर्टर, डिमर, जुनी ट्यूबलाइट, सगळे कोरसमध्ये! लेस पॉलमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे गुणगुण एकमेकांत कटते. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये ही युक्ती काढली, नावच 'हमबकर'. अमेरिकेतल्या स्टुडिओत बसलेल्या हिरोला आपल्या सोसायटीच्या वायरिंगची फिकीर नसते. तुम्हाला असायला हवी.

आणखी एक. फेंडरची तार साडेपंचवीस इंच ताणलेली असते, गिब्सनची पाऊण इंचाने कमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गिब्सनवर तार सैल लागते आणि बोटाने ओढून सूर चढवणं सोपं जातं. त्यातून स्लॅश आणि हेंड्रिक्स दोघेही गिटार अर्धा सूर खाली लावून वाजवतात, म्हणजे तारा आणखी मऊ. ही गोष्ट फुकट आहे. पाच मिनिटांत कुठल्याही गिटारवर करता येते. मी विचारलेल्यांपैकी कित्येकांनी हिरोची लाखाची गिटार घेतली होती, पण हिरोसारखी ती अर्धा सूर खाली लावून पाहिलेले दोनच निघाले! आणि क्लॅप्टनचा तो 1966चा आवाज? त्याचं निम्मं रहस्य मोठ्या केलेल्या अँपमध्ये आहे. कोथरूडच्या टू बीएचकेत तो प्रयोग करून बघा, सोसायटीचे सेक्रेटरी सोलो संपायच्या आत बेल वाजवतील.

मुलींची कथा वेगळीच. फोटोंमधले हिरो बहुतेक पुरुष, त्यांची उंची, त्यांचे हात, त्यांचे पट्टे. फेंडरच्या सिग्नेचर मॉडेलवर पहिल्यांदा बाईचं नाव यायला नव्वदच्या दशकाचा मध्य उजाडला, बॉनी रेट. 'सेंट व्हिन्सेंट'ने 2016 मध्ये म्युझिक मॅनबरोबर स्वतःच्या अंगाला बसेल अशी निमुळती, हलकी गिटार डिझाइन केली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अच्छा, असंही असू शकतं! फेंडरने 2018 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने शिकणाऱ्यांपैकी निम्म्या बायका निघाल्या. आपल्याकडे दुकानात मात्र अजूनही मला 'भावासाठी बघताय का?' असंच विचारतात. त्यांना मी एकदा सांगणार आहे की 'रॉकस्टार'मधल्या 'साड्डा हक'ची गिटार ओरिआंथीने वाजवलीय. आणि हो, तिच्या हातातली पीआरएस कुठून आली? अकरा वर्षांची असताना तिने सांतानाला लाइव्ह पाहिलं होतं. सांतानाकडे पीआरएस. म्हणजे तिचंही तेच!

त्यामुळे 'हिरोची गिटार घेऊ नका, आपल्या कानाचं ऐका' असं सांगायला मी बसलेली नाही. हँक मार्विनने ऐकलं नाही, नॉफ्लरने नाही, क्लॅप्टनने नाही. मी फक्त एवढंच म्हणेन की दुकानात गेल्यावर अर्धा तास उभं राहून वाजवा. पावसाळ्यात माणूस फुगतो तसं लाकूडही फुगतं, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला ठेवा. आणि हिरोचं नाव सांगायला लाजू नका. दुकानदाराला ते तुमच्या आधी कळलेलं असतं.

मे 2025 मध्ये 'गन्स अँड रोझेस' मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, स्लॅशसकट. मित्र गेला होता, तीन तास उभा राहिला, गळपट्टा न लावता. परत आला आणि त्याच आठवड्यात लेस पॉल विकायला काढली. आता तो हलकी, पोकळ अंगाची टेलिकास्टर वाजवतो, बसून. माझी लाल स्क्वायर मला परत मिळाली आहे, तारा नव्या घालून.

लेस पॉल घ्यायला साताऱ्याहून एक पोरगा आला होता. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, बरोबर वडील. योगायोगाने मी तिथेच होते. पोराने केस उघडली आणि काही बोललाच नाही. वडिलांनी गिटार हातात घेऊन तोलून पाहिली, म्हणाले, 'बरीच जड आहे की हो. हीच कशाला पाहिजे रे तुला?'

पोरगा म्हणाला, 'पप्पा, स्लॅशकडे हीच आहे.'

मित्राने माझ्याकडे पाहिलं. क्रिस डेरिगचं नाव एव्हाना त्यालाही ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तो वडिलांकडे वळला आणि म्हणाला, 'हो काका, हीच.' मग किंमत ठरली. रुंद पट्टा त्याने वर फुकट दिला आणि पोराला दाखवून दिलं की तो कितपत वर बांधायचा.